कोब्याखालची लेक

अंगणातला कोबा फुगला होता.

मिस्त्रीने गुडघे टेकले, हातोडीचा दांडा जमिनीवर आपटला आणि कान लावला. दाराजवळ आवाज खणखणीत होता. भिंतीकडे सरकत गेला तसा बद्द होत गेला. आणि जिथे अगदी बद्द, तिथेच केसासारखी एक चीर पडली होती.

गल्लीतली पोरं त्याने घातलेल्या कोब्यांवर रांगली, धावली, बापही झाली. कोब्याला कधी सुरकुती पडली नव्हती.

भिंतीवरून शेजारच्या शिंप्याचं डोकं वर आलं. "काय मिस्त्री, कोबा गरोदर दिसतोय!"

"तू तुझी काजं कर."

"अहो, कितवा महिना ते तरी सांगा! नाहीतर आमच्यासारखं करा. लावा ठिगळ, फिरवा इस्त्री. कुणाला कळतंय?"

मिस्त्री हसला नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीत भांडी विसळण्याचा आवाज थांबला होता. बायको बघत होती.

ह्याच जागी तिचं फूलझाड होतं. लग्नानंतर दोघं डोंगरातल्या रस्त्याच्या कामावर असताना तिने ते कड्याच्या फटीतून मुळासकट सोडवून रुमालात आणलं होतं. निळ्या घंटांचं. हिवाळ्यात मरून जायचं, थंडी सरली की मातीतून पुन्हा डोकं काढायचं. ती त्याला डोंगरची लेक म्हणायची. मग ती आपल्या लेकीच्या बाळंतपणाला गेली, आणि मिस्त्रीने जावयाच्या गाडीला जागा हवी म्हणून इथे कोबा घातला. ती परत आल्यावर म्हणाला, "वाळलं होतं गं. मुळापासूनच गेलं होतं. टाकलं काढून."

ती "बरं" म्हणाली. तेव्हापासून त्या तुकड्यावर तिने कधी पाय दिला नाही. कपडे वाळत घालायलासुद्धा अंगणाच्या दुसऱ्या कडेने वळसा घेऊन जायची.

खरं काय ते त्यालाच ठाऊक होतं. माती उकरायची, खडी पसरायची, धुम्मसाने ठोकून घट्ट करायची. नवशिक्यालाही तो आधी हेच शिकवायचा. त्या दिवशी मात्र ती यायच्या आत उरकायचं म्हणून त्याने ओला माल सरळ हिरव्यावर ओतला होता.

ठिगळ लावायचं तर आधी चीर रुंद करावी लागते. त्याने छिन्नी धरली, घाव घातला. ताटाएवढा तुकडा सुटला. पहारीने तो त्याने एका बाजूने उचलला.

खाली कोंब होते.

पांढरेफटक, बोटाएवढाले, उजेडाची ओळखही नसलेले. वर जायला वाट नाही म्हणून ते आडवे निघाले होते. कोब्याच्या पोटाला पाठ लावून, चपटे होत, चाचपडत चिरेपर्यंत आले होते. सगळ्यांत पुढचा चिरेत शिरला होता. त्याचं टोक तेवढं हिरवं.

मिस्त्रीने बोट लावलं. मऊ. नातवाच्या कानाच्या पाळीसारखं मऊ.

त्याने हातातल्या पोलादी छिन्नीकडे पाहिलं. पुन्हा कोंबाकडे पाहिलं.

"हिने फोडला?" तो पुटपुटला. "माझा कोबा?"

मग त्याने तुकडा उलटा केला आणि तो जागच्या जागी थिजला. आत पान न् पान उमटलं होतं. पानं केव्हाच कुजून गेली होती, पण सिमेंटने त्यांची एक शीर सोडली नव्हती. मधोमध दांडी होती. दांडीवर घंटा, पाची पाकळ्या उघडलेली.

मागे पावलं वाजली. तुकडा पालथा घालायला वेळ होता. त्याने घातला नाही.

बायको शेजारी उकिडवी बसली. विसळत्या हातानेच आली होती. ओलं बोट तिने घंटेच्या कडेकडेने फिरवलं. तेवढं सिमेंट काळं झालं आणि फूल उठून दिसलं.

"वाळलं होतं," ती म्हणाली. विचारलं नाही, नुसतं म्हणाली.

"फुललं होतं," मिस्त्री म्हणाला.

ती कोंबावर वाकली आणि माहेरी आलेल्या पोरीशी बोलावं तशी म्हणाली, "अगं बाई! एवढं ओझं डोक्यावर घेऊन आलीस होय गं?"

मिस्त्रीला बसवेना. त्याने चार विटा मांडल्या, नव्या कोब्याभोवती लावतो तशी सुतळी गुंडाळली. मग बादली भरून आणली.

"पाणी नको. डोंगरातली आहे ती."

"मग खत आणू? वर सावली करू?"

"नको."

"अगं, मग मी करू तरी काय?"

"काही नका करू. बघा."

जन्मात कामावर कधी न टेकलेला माणूस सुतळीशेजारी मांडी घालून बसला. बायको उठली, कपड्यांची बादली घेऊन आली आणि वळसा न घेता, सरळ कोब्यावरून, दोरीकडे गेली. जाता जाता सुतळीपाशी तेवढी थबकली.

भिंतीवरून शिंप्याचं डोकं पुन्हा वर आलं. त्याने विटा पाहिल्या, सुतळी पाहिली.

"लावलं वाटतं ठिगळ! किती दिवस पाय द्यायचा नाही, मिस्त्री?"

मिस्त्रीने कोंबावरची नजर काढली नाही.

"हळू बोल," तो म्हणाला. "आणि मला नको विचारूस." त्याचं बोट त्या हिरव्या टोकाकडे होतं. "हिला विचार."