भुंग्याचं दूध

स्नेहलनं बरणीतला शेवटचा पाणभुंगा चिमटीत धरला आणि मानेशी बोटानं हलकंच दाबलं. दुधासारखं पांढरं पाणी आलं. तिनं ते कापसानं टिपून घेतलं आणि भुंगा परत बरणीत सोडला. झाले सगळे रिकामे! आता काही दिवस तरी यांच्यात थेंब भरायचा नाही. बरणीवर पूर्णिमाच्या ठसठशीत अक्षरात ‘प्रात्यक्षिक’ लिहिलेलं होतं. कर म्हणावं आता प्रात्यक्षिक.

सगळा खेळ त्या दुधाचाच होता. मासा भुंग्याला तोंडात घेतो, भुंगा हे जहरी दूध सोडतो, मासा थू करून टाकतो आणि भुंगा जिवंत सुटतो. आज पुण्याहून येणाऱ्या बाईंना कॉलेजच्या प्रयोगशाळेत हेच दाखवायचं होतं. बाईंच्या संस्थेत संशोधनाची एकच जागा होती, आणि घोरपडे सरांनी तिच्यासाठी नाव सुचवलं पूर्णिमाचं. काल आलेल्या पोरीचं! शाहूवाडीच्या भातखाचरांत उतरून चार भुंगे काय धरून आणले, सरांना तीच हुशार वाटायला लागली. मग पाच वर्षं याच टेबलाशी घासणारी स्नेहल कुठं गेली? भुंगा कसा धरायचा, न दुखवता त्याचं दूध कसं काढायचं, हे त्या पोरीला शिकवलं कुणी? ‘ताई, ताई’ करत ती मागं फिरायची तेव्हा गोड वाटायचं. आता तो शब्द कानावर पडला तरी स्नेहलच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. त्यात पोरगी खरंच हुशार होती, हे तर तिला अजिबात सहन होत नव्हतं.

बाई आल्या, चहा झाला, सगळे काचेच्या टाकीभोवती जमले. आत हातभर लांबीचा मरळ मासा उपाशी फिरत होता.

“बघा हं बाई, कसा थुकतोय त्यो,” म्हणत पूर्णिमानं बरणीतला भुंगा पाण्यात सोडला.

मरळानं झडप घातली, दोनदा गाल हलवले आणि भुंगा गिळून टाकला.

पूर्णिमाचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं घाईघाईनं दुसरा सोडला. तोही गेला. सर उगीचच खोकले. मागं उभ्या असलेल्या स्नेहलच्या काळजाला थंडावा मिळाला. बरं झालं. अगदी बरं झालं!

“मागच्या टबातला आण जा एखादा,” सर वैतागून म्हणाले.

मागचा टब! तो स्नेहलच्या ध्यानातच नव्हता.

पूर्णिमानं टबातला भुंगा आणून सोडला. मरळानं तो तोंडात घेतला मात्र, आणि जोरात डोकं झटकून थुंकून टाकला. मग कोपऱ्यात जाऊन गुळण्या केल्यासारखा पाणी आत-बाहेर करत राहिला. भुंगा आपला पाय मारत सुखरूप तळाशी गेला.

“पोट भरलं असेल त्याचं,” बाई म्हणाल्या.

पूर्णिमानं बरणीतला आणखी एक टाकला. मरळानं तो कोपऱ्यातून येऊन गट्टम केला.

बाई खुर्चीतून उठल्याच. पूर्णिमानं बरणीतला एक भुंगा उचलून मानेशी दाबला. काहीच आलं नाही. दुसरा दाबला, तोही कोरडा.

“बाई, ह्ये रिकामे हाईत. कुणीतरी यांचं दूध काढलंय.”

आता सगळ्यांसमोर स्नेहलची शोभा होणार.

“कोणी काढलं?” बाईंनी विचारलं. पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. “अहो, हेच तर मी मागणार होते! मासा थुंकतो हे सगळेच दाखवतात. तो कवचाला कंटाळून थुंकतो की दुधामुळं, हे कोण दाखवतं? भरलेला थुंकला, रिकामा गिळला, आणि मासा एकच. अजून पुष्कळदा करून बघावं लागेल, पण विचार पक्का आहे. पूर्णिमा, तू ते जागेवर ओळखलंस, पुण्याला यायची तयारी कर.”

सर एकदम फुलले. स्नेहलला मात्र कळेना, रडावं की भिंतीवर डोकं आपटावं. सकाळी उपाशीपोटी धावत येऊन तिनं पूर्णिमाचंच काम पुरं करून दिलं होतं.

तेवढ्यात पूर्णिमा वळली. दूध काढायची ती कला या प्रयोगशाळेत दोघींनाच येत होती.

“ताई! तुमीच की!” तिनं येऊन स्नेहलचे दोन्ही हात धरले. “म्हणून सकाळी सकाळी आलतासा व्हय! वॉचमन म्हनलाच मला, ताई कवाच्या आल्यात म्हणून. सांगायचं तरी की! किती घाबरलो मी!”

तिचे डोळे भरून आले होते. त्या डोळ्यांत कपट नावालाही नव्हतं. थोडं असतं तर स्नेहलला सोपं गेलं असतं.

बाई आता स्नेहलकडं पाहत होत्या.

“तुम्ही पाच वर्षं याच भुंग्यांवर काम करताय ना? मग हे स्वतःच्या कामात का नाही केलंत?”

सरही स्नेहलकडंच बघायला लागले. तिचे हात न सोडता पूर्णिमानंच उत्तर दिलं.

“आमच्या ताई तशाच हाईत, बाई. सोताचं कवा बघत्यात त्या!”