आधणातलं मीठ

“आई, मीठ आत्ता नका टाकू!”

पुष्पलता ओरडली, पण सासूबाईंची मूठ रिकामी झाली होती. स्टोव्हवरच्या पातेल्यातलं भाताचं आधण फसफसून वर आलं.

“पाह्य,” सखूबाई म्हणाल्या. “मीठ पडलं की पानी लवकर उकळते.”

“उलट, उशिरा उकळतं. बी.एस्सी.ला शिकलेय मी.”

“मंग हे काय नाचून राहिलं पातेल्यात?”

पुष्पलताला उत्तर येत होतं. पण तिचं लक्ष घड्याळाकडे होतं. दहाला पाच मिनिटं कमी होती, आणि दहाला जयाचा ताप बघायचा होता.

जयाला ताप नव्हता. पंधरा दिवसांपूर्वी लस टोचल्यावर आला आणि दुसऱ्या दिवशी उतरला. आठ महिन्यांच्या जयाच्या अंगातून उतरला, तिच्या आईच्या डोक्यातून नाही. पुष्पलताने सीताबर्डीच्या बाजारातून थर्मामीटर आणला. दर दोन तासांनी, पोर झोपलेली असो की दूध पीत असो, ती गार काच तिच्या काखेत जायची आणि आकडा वहीत. पोर दचकून उठायची, तासभर रडायची. रडून अंग गरम झालं, की पुष्पलता पुन्हा मोजायची.

सखूबाईंनी बावीस वर्षं दवाखान्यात आयाचं काम केलं होतं. कपाळाला पालथा हात लावून त्यांनी तेव्हाच सांगितलं होतं, “पोरीले काई नाही झालं. झोपू दे तिले.” त्यावर पुष्पलता म्हणाली होती, हाताला आकडे नसतात. तेव्हापासून त्यांनी सुनेशी वाद घातला नव्हता.

आज मात्र त्या हटेनात.

“आमी अडानी मानसं वं. तुयं कालेज खरं असन, त मोजून दाव ना. हाये ना तुयापाशी ते काचेची कांडी?”

पाटावर ताट घेऊन बसलेला श्रावण कळवळला. “माय, मले ड्यूटीवर जाचं हाये. तांदूळ टाका पयले!”

“तू चूप बस गा. बायको शास्त्र दावून राहिली.”

झालं. पुष्पलताच्या अंगात प्रयोगशाळा संचारली. तिने पदर खोचला, थर्मामीटर डबीतून काढला, ऐटीत झटकला आणि उकळत्या आधणात बुडवला.

त्याच्यावरचे आकडे एकशे आठलाच संपतात, हे तिला आठवलं. पण ते टक् असा आवाज झाल्यावर. पातेल्याच्या तळाशी चांदीचे मणी पळापळ करत होते.

पुष्पलताने हातात उरलेला तुकडा वर धरला. “आता मी ताप कशानं बघू?”

“जाऊ दे वं. काच हाये, फुटाचीच.” सखूबाईंनी ते पातेलं फडक्यात धरून बाहेर नेलं, हात धुतले आणि दुसऱ्या भांड्यात आधण ठेवलं. या गडबडीत मिठाची आठवण कोणालाच राहिली नाही. श्रावणने अळणी भात भराभरा गिळला आणि सायकल काढली.

दहा केव्हाच वाजून गेले होते. जया झोपली होती. बारा वाजले, तरी झोपलेलीच. पुष्पलता घाबरली. तिने वही उघडली, मिटली, आणि शेवटी पालथा हात कपाळाला लावला. कपाळ गार होतं. एकाला जया आपणहून उठली, आणि आईकडे बघून पंधरा दिवसांत पहिल्यांदा हसली.

दुपारी पुष्पलता धुतलेले लंगोट घेऊन आत आली, तेव्हा पाळण्याची दोरी सखूबाईंच्या हातात होती. त्यांची पाठ दाराकडे होती.

“झोप वं माय माही,” त्या पाळण्यात वाकून हळूच सांगत होत्या. “आता नाही कोनी उठवत. दवाखान्यात नवी होती, तवा मीबी एक कांडी गरम पान्यानं धुतली होती. तवापासून मालूम हाये मले, ते कशानं फुटते.”