पाठीवरचे दोन ठिपके

"कुठे सापडला म्हणालास?" सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता ताईने विचारलं.

"खाणीमागच्या टेकडीवर. सांगितलं ना," भाऊ म्हणाला.

"टेकडीवर कशावर? गवतावर, झाडावर, फुलावर?"

"फुलावर. पिवळ्या." पिवळ्या त्याने असंच ठोकून दिलं. थापेला थाप जोडायची सवय लागली की जीभ विचारायला थांबत नाही.

भाऊ दुकानांच्या पाट्या रंगवायचा, म्हणून ताई त्याला 'रंगोबा' म्हणायची. ताई संग्रहालयात किड्यांच्या विभागात होती. जन्मभर तिने दुसऱ्यांनी शोधलेल्या किड्यांना टाचण्या टोचल्या. स्वतःचा म्हणावा असा एकही नवा किडा तिच्या नशिबी आला नाही. आता निवृत्ती तोंडावर आली होती. "एक तरी मिळावा रे. एकच!" असं ती म्हणायची, आणि भावाला गलबलून यायचं.

खरं तर त्याला गंमत तेवढी करायची होती. ताईच्या दारावरची बेल कधीची बंद. खालून हाका मारायच्या, आणि गुडघे धरत ती जिना उतरेपर्यंत दारातल्या वेड्यावाकड्या झुडपाशेजारी ताटकळायचं. एकदा असंच ताटकळताना त्याला हुक्की आली. एक साधासा सैनिक भुंगेरा हाती लागला. अंगावर गणवेशासारखे रंग, म्हणून याला सैनिक म्हणायचं. एरवी पंख इतके मऊ की पहिल्या फटक्यातच गारद. भावाने पिशवीतला सर्वांत बारीक ब्रश काढला, भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन पिवळे ठिपके दिले आणि काड्यापेटीत घालून ताईच्या हातात ठेवला. ती पहिल्या नजरेतच ओळखेल, पाठीत धपाटा घालेल, दोघं हसतील, विषय संपेल.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. आवाज भरून आलेला. "रंगोबा, हा कुठल्याच पुस्तकात नाही रे!"

तिथेच बोलायला हवं होतं. पण त्याने "वा!" म्हणून फोन ठेवला.

एकट्या-दुकट्या भुंगेऱ्यावर कोणी विश्वास ठेवत नाही. आणखी हवेत आणि नेमकी जागा हवी. जागा सांगितल्याशिवाय नव्या किड्याचं वर्णन कोणी छापत नाही. म्हणून दर रविवारी दोघं टेकडी चढू लागले. ताई एका हाताने गुडघा सांभाळायची, दुसऱ्या हातात जाळी. सापडलेला प्रत्येक भुंगेरा उताणा करून ती भिंगातून त्याचे पाय न्याहाळायची आणि सोडून द्यायची. पाठीकडे ढुंकूनही बघायची नाही. विद्वानांचं सगळं उफराटंच, भाऊ मनात म्हणायचा.

"भिंग कुठे गेलं माझं?" एकदा ती म्हणाली.

"गळ्यात आहे, ताई. काखेत कळसा आणि गावाला वळसा!"

ती खळखळून हसली. भाऊ मात्र पुढे चालू लागला.

घरी परतताना दरवेळी तिची एकच भुणभुण. "दारातलं ते झुडूप काढ बाबा एकदाचं. पदर अडकतो." तो "करतो, करतो" म्हणायचा आणि विसरायचा. आज मात्र ती जिना उतरेपर्यंत त्याने कोयत्याने ते काम उरकून टाकलं, अगदी बुंध्यापासून, आणि सगळं ओढत नेऊन कचऱ्यात टाकलं. मनात पाप असलं की माणूस घरकामाला चटकन हात लावतो.

"ये, तूही बघ," ताई आता म्हणाली.

"नको. त्या नळीतून मला गरगरतं." काड्यापेटी दिल्यापासून त्याने त्या भुंगेऱ्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.

"बरं. नाव तरी ऐक. आपल्या किड्याला स्वतःचंच नाव देत नाहीत, लोक हसतात. म्हणून तुझं देतेय. तू आणलास ना!"

भाऊ उठून उभा राहिला.

"ताई, माझं नाव नको."

"लाजतोस काय?"

"ताई, ते ठिपके मी रंगवलेत." एकदा बांध फुटल्यावर त्याला थांबता येईना. "गंमत म्हणून केलं गं. तू इतकी खूश झालीस की मला सांगवेना. मला हवं तर मार, पण ते वर्णन पाठवू नकोस. तुझे लोक तुझ्या तोंडात शेण घालतील."

 ताईला असं हसू फुटलं की चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

"अरे गाढवा, ठिपके मी त्याच दिवशी पुसले! पाटीचा रंग मला कळायचा नाही? म्हटलं, बघू किती दिवस पोटात ठेवतोय." तिने त्याचा कान धरून डोकं सूक्ष्मदर्शकावर टेकवलं. पाठ कोरी होती. "आता पाय बघ. प्रत्येक नखाला टोकाशी तीन फाटे आहेत. अशी नखं कुठल्याच सैनिक भुंगेऱ्याला नाहीत. तू साधा म्हणून रंगवलास, तो नेमका नवा निघाला!"

भावाला हसावं की रडावं ते कळेना. छातीवरचा धोंडा उतरला होता. बाहेर कचऱ्याच्या गाडीचा भोंगा वाजला.

"आता एकच अडलंय," ताई म्हणाली. "आख्खी टेकडी पालथी घातली, दुसरा मिळत नाही. नीट आठव, राजा. कुठे बसला होता तो?"

भावाने खिडकीतून खाली पाहिलं. मग तो अनवाणीच जिना उतरून धावत सुटला.

"अरे, झालं काय? रंगोबा!"

रस्त्याच्या टोकाला गाडी वळत होती. ज्या झुडपावरून त्याने तो भुंगेरा चिमटीत उचलला होता, ते दारातलं झुडूप पांढऱ्या फुलांसकट ढिगाच्या अगदी वर डुलत होतं.