येतो, साहेब

शेवटचं दार उघडायच्या आधी हणमंतने माळी हवालदारांना वाकून नमस्कार केला. "येतो, साहेब."

दारावरचा हिरवा दिवा लाल झाला. "सुटका थांबवली आहे," भिंतीतलं यंत्र म्हणालं. "कैदी पुन्हा गुन्हा करून परत येईल."

माळी भडकले. "मॅडम, ह्या डबड्याला मराठी कोणी शिकवली? निघताना माणूस येतोच म्हणतो! जातो म्हणणं अशुभ."

जेलर शिरोडकर मॅडमना हसू आलं. कैद्याच्या मनगटावरचा पट्टा त्याचं बोलणं ऐकायचा, नाडी मोजायचा, आणि त्यावरून यंत्र त्याची सुटका ठरवायचं. पण यंत्राचा निर्णय फिरवायचा अधिकार अजून तरी त्यांच्याकडे होता. "ती बोलायची पद्धत आहे," त्यांनी यंत्राला समजावलं.

"पद्धत माहीत आहे," यंत्र म्हणालं आणि त्याने पट्ट्यातला आवाज लावला.

गेल्या महिन्यात हणमंत रजेवर भावाकडे राहिला होता. तिथून निघतानाचा त्याचा आवाज होता. "वहिनी, जातो मी." मग भांडी आवरल्याचा आवाज, आणि कडी लावल्याचा. असं बोलू नये, येतो म्हणावं, एवढंही कोणी म्हटलं नव्हतं.

हणमंत मान खाली घालून उभा होता.

मॅडमनी निर्णय फिरवला. दार उघडलं. बाहेर कोणी आलेलं नव्हतं.

"जा बाबा," माळी हळूच म्हणाले. "आणि ह्या वेळी जातो म्हण."

हणमंतने दोनदा तोंड उघडलं. त्याला ते म्हणवेना.