अंगणातला आवाज

वाघ अंगणात बसला होता. धनराज त्याला पुण्यातल्या कचेरीतून मोबाइलवर पाहत होता.

मोहर्लीजवळच्या त्या घरात त्याची आई, शकुबाई, एकटीच राहत असे. दिवेलागण झाली होती; कोंबड्या डालायला ती कोणत्याही क्षणी बाहेर पडणार होती. त्याने फोन लावला. तो बंद होता.

दारावरचा कॅमेरा चंद्रपूरच्या एका माणसाने गेल्या वर्षी बसवला होता. आई पडली, दार उघडे राहिले, कोणी परका आवारात शिरला, तर धनराजला तत्काळ कळे. सारे इथे बसून कळत असता गावी जाण्याचे प्रयोजन उरत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता. त्यात खोट काढणे कठीण होते. आईने ती एकदाच काढली होती.

"डब्बा मले पाहून राह्यला, बाबू. मी तुले कुठी पाहू?"

"दिवाळी झाली का येतोच ना, आई."

दिवाळी होऊन गेली होती. एसटीच्या वेळेला ती रोज फाटकाशी येऊन उभी राहते, हेही कॅमेऱ्याने त्याला दाखवले होते.

कॅमेऱ्याच्या त्या डब्यातून बोलता येत असे. धनराज कधी बोलला नव्हता. डबा बोलतो, हे आईला कोणी सांगितलेही नव्हते.

त्याने बटण दाबले. "आई! दार उघडू नको! अंगणात वाघ बसला आहे!"

वाघाने मान वर केली. घरात भांडे पडल्याचा आवाज झाला.

"धनू? तू आला?"

"हो, मीच! वाघ आहे, आई! बाहेर येऊ नको!"

आत सामसूम झाली. तिने प्रत्येक शब्द ऐकला होता. ती समजली, असे वाटून धनराजने श्वास सोडला.

मग कडी वाजली. शकुबाई बाहेर आली. पदर खोचलेला होता, हातात चुलीतले जळते लाकूड होते. वाघ उठून उभा राहिला. तिने डब्याकडे पाहिलेच नाही. ती वाघ आणि मुलगा या दोघांच्या मध्ये उभी राहू पाहत होती. पण दुसरा कुठे आहे, ते तिला अंधारात दिसत नव्हते.

"भेऊ नको रे बाबू," ती म्हणाली, "माह्या मांगं ये."