खरी सही

पुस्तकांच्या दुकानात गायिकेची सही घ्यायला भलीमोठी रांग लागली होती. काय गायचं, काय घालायचं, कुणाशी बोलायचं, सगळं वडीलच कसे ठरवायचे, हे तिने आत्मचरित्रात हातचं न राखता लिहिलं होतं. वडिलांनी तेव्हापासून बोलणंच टाकलं होतं. एका आजींनी पुस्तकावरची सही निरखली आणि पिशवीतून जुना फोटो काढला. "अगं, दहा वर्षांची असताना तू हा सही करून पाठवला होतास. पुस्तकावर भलतीच केलीस की! खरी दे ना." गायिकेचं पेन थबकलं. फोटोवरची सही वडिलांची होती. गाऊन दमलेल्या पोरीचे हात दुखू नयेत म्हणून ढीगभर फोटोंवर तेच सह्या करायचे. एवढं मात्र लिहायचं राहूनच गेलं होतं. तिने पान उलटलं आणि वडिलांचं वळण हुबेहूब गिरवलं. आजी एकदम खुलल्या. "हां, आता कशी तुझी वाटते!"