डावा कौल

“आरोपीला सोडून देणे निराळे आणि निर्दोष ठरविणे निराळे,” भिकाजीपंत वकील वाघजाईच्या सभामंडपात उभे राहून सांगत होते. “पुरावा लंगडा पडला, की कोर्ट माणसाला सोडून देते, संशय मात्र त्याच्या अंगावर तसाच राहतो. निर्दोष ठरविणे म्हणजे आळ मुळासकट उपटून टाकणे.”

त्यांचा अशील हैबती याने मागून त्यांच्या कोटाची कड हळूच ओढली. पंतांनी ती सोडवून घेतली.

“मंग आमच्या हैबतीला काय केलं कोर्टानं?” गावचा म्होरक्या महिपती याने विचारले.

हैबतीने त्यांना महाडाहून इतक्या लांब आणले होते ते या एका प्रश्नाच्या उत्तरासाठी. पण शब्दाच्या बाबतीत खोटे बोलणे पंतांना आयुष्यात जमले नव्हते.

“सोडून दिले,” ते म्हणाले.

मंडपात कुजबुज झाली. हैबती खाली बसला.

त्याचा थोरला भाऊ येसाजी गेल्या शिमग्यात आंबेनळीच्या कड्यावरून खाली गेला. पुष्कळ दिवसांनी दरीत प्रेत सापडले. जनावरांनी तोंड ओळखू येण्याजोगे ठेवले नव्हते. घोंगडीवरून ओळख पटली. येसाजीची बायको चंद्रभागा हिने साक्ष दिली, की समोरच्या रानातून आपण हैबतीला त्याला ढकलताना पाहिले. तेवढ्या अंतरावरून पुरुष की बाई हेही कळणे अशक्य आहे, असे पंतांनी उलटतपासणीत सिद्ध केले आणि खटला ढासळला.

गावाचे समाधान झाले नाही. हैबतीच्या घरी कोणी विस्तव देईना, त्याच्या हातचे पाणी घेईना. बायको मुलांना घेऊन माहेरी गेली. आज निवाडा झाला नाही, तर त्यालाही घरदार सोडावे लागणार होते. तरीही पोलादपुरापासून साऱ्या वाटेने तो एकच गोष्ट घोकत आला होता : “तुमी त्यांना समजावून सांगा, सायेब. पन कौल नको.” गरिबाला देवाचीही धास्ती वाटते, असे पंतांनी मनाशी म्हटले होते.

“मंग कौलच लावू,” महिपती म्हणाला. “देवीला इचारू, हैबती दोषी हाय का.”

“हा प्रश्नच होत नाही,” पंत ताडकन म्हणाले. “दोष कसला? तो भावाशी भांडला असेल, त्याचा बांध कोरला असेल. देवीने कोणत्या दोषाचे उत्तर द्यावे?”

“वकील आता देवीचीबी उलटतपासनी घेनार,” खांबाला टेकलेला एक म्हातारा पुटपुटला. चारदोन जण हसले.

“प्रश्न मी घडवितो. येसाजीचा जीव हैबतीच्या हातून गेला काय? इतकेच विचारा. एका शब्दाचीही भर नको.”

गुरवाने दोन ओल्या कळ्या मूर्तीच्या दोन खांद्यांना लावल्या. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. हैबतीने डोळे मिटले. त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

गुरवाचा प्रश्न पुरता संपलाही नव्हता, तोच डावी कळी गळाली.

पंतांचे एवढ्याने समाधान होणार नव्हते. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारायला लावला. पुन्हा डावी.

महिपती उठला. त्याने हैबतीच्या हातात तांब्या दिला, त्याच्या हातून ओंजळीत पाणी घेतले आणि सर्वांदेखत प्याला.

आता सगळे चंद्रभागेकडे पाहू लागले. ती पांढऱ्या कपाळाने दाराशी बसली होती. तिने उंबऱ्यावर डोके टेकले आणि वर पाहिले, तेव्हा तिचे डोळे कोरडे होते.

“देवीनं सांगितलं त्येच खरं,” ती म्हणाली. “मी इतके दिस उगाच रडले.” मग हैबतीकडे वळून ती म्हणाली, “भावजी, आज जेवायला आमच्याकडं या. वकीलसायबांनाबी आना.”

ती लगबगीने घराकडे गेली. बायकांनी डोळ्यांना पदर लावले. मनातील अढी अशी एका क्षणात सोडणारी बाई विरळाच, असे पंतांनाही वाटले.

देऊळ रिकामे झाले. भर दुपार होती. झाडाचे पान हलत नव्हते. पायरीवर बसलेल्या हैबतीच्या तोंडावर रक्ताचा थेंब दिसेना.

“आता तोंड पाडून का बसलास?” पंत म्हणाले. “कोर्टाने जे दिले नाही, ते देवीने दिले. तू निर्दोष ठरलास.”

“सायेब, मी ढकलला त्याला. ह्या दोन हातांनी.”

पंतांनी आधी भोवती पाहून घेतले. मग ते सावकाश म्हणाले, “म्हणजे तुमची देवी चुकली.”

“आमची देवी चुकत नाय.”

“मग तू खोटे बोलतोस. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असणे शक्य नाही.”

“हाय शक्य.” हैबतीची नजर समोरच्या भावाच्या घरावर खिळली होती. “तो मेलाच नसंल, तर.”

“प्रेत तुम्हीच जाळलेत ना?”

“कुनाचं तरी जाळलं.”

पंतांनीही त्या घराकडे पाहिले.

समोरच्या घराचे दार उघडले. चंद्रभागा पडवीत आली. तिच्या कपाळावर ठसठशीत कुंकू होते.

“भावजी, चला की लवकर,” तिने हाक मारली. “तुमचे दादा पानावर खोळंबलेत.”